भाऊबीजेची हक्कसोड

दादा भाऊबीजेला पैठणी घेऊन आला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी माझ्या ओवाळणीत स्टीलचा डबा असायचा, कुणीतरी त्याला दिलेला आणि त्याने माझ्याकडे ढकललेला. एकदा तर डब्याच्या आत 'चि. सौ. कां.' लिहिलेली चिठ्ठी तशीच राहिली होती, आणि मी तर विधवा. आणि आता एकदम पैठणी! साकीनाक्याच्या माझ्या खोलीत दोन पाहुणे आले की तिसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं, एवढीच ती जागा. तिथे त्याने पिशवीतून ती साडी काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "नेस गं. तुला हा रंग शोभतो."

मी ओवाळलं. फराळाचं ताट पुढे केलं. त्याने करंजी अर्धी खाल्ली, हात पुसले आणि त्याच पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं.

"एक छोटीशी सही लागेल. फॉर्मॅलिटी आहे."

कागदावर वरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हक्कसोड पत्र'.

आमच्याकडे हे काही जगावेगळं नाही. माझ्या आत्यांनी गावच्या घरावरचा हक्क असाच सोडला, आणि बाबांनी त्यांना त्या बदल्यात मरेपर्यंत दर वर्षी आंब्याची पेटी पाठवली. सही केली की माहेर राहतं, नाही केली की भाऊ तुटतो. कायदा काय म्हणतो ते कुणी विचारत नाही. गणपतीला बोलावणं येतं की नाही, एवढंच बाई बघते. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी नवी साडी नेसून, हसत हसत, कागद न वाचता सही केलेली आहे. मीही केली असती. पेन हातात घेतलंच होतं. पण मग एक साधा प्रश्न डोक्यात आला. मुलुंडचं घर जर दादाचंच आहे, तर माझी सही कशाला?

मी पेन खाली ठेवलं. "वाचून सांगते," म्हटलं.

"त्यात वाचण्यासारखं काय आहे? वकिली भाषा. मलाही कळत नाही."

"मग तर वाचायलाच पाहिजे."

तो हसला खरा, पण उरलेली करंजी ताटात तशीच ठेवून उठला. जाता जाता दारात चपला घालताना त्याने सगळं सांगून टाकलं. ठाण्याला टॉवरमध्ये मोठा फ्लॅट बुक केलाय, मुलाचं लग्न ठरतंय, मुलुंडचं घर विकायचं आहे, गिऱ्हाईक तयार आहे. फक्त गिऱ्हाइकाच्या वकिलाने बहिणीची हक्कसोड मागितली. "वकील लोक ना, उगाच फाटे फोडतात," असं म्हणून तो लोखंडी जिना उतरून गेला.

मुलुंडचं घर बाबांनी घेतलं होतं. गिरणी सुटल्यावर त्यांनी एका कंपनीत स्टोअरकीपरचं काम धरलं आणि तिथून निवृत्त होईपर्यंत त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे हप्ते फेडले. ते गेले तेव्हा बाराव्याला, जेवणं उरकल्यावर, दादाने सगळ्यांसमोर सांगितलं, "सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, म्हणजे घर आता माझ्या नावावर होणार." आम्ही माना हलवल्या. आईनेही हलवली. नॉमिनी म्हणजे मालक, असं आमच्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं, दारावरची बाबांची पाटी निघाली आणि त्याची लागली. त्याने फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही तसंच वाटत होतं. पण एकदा मालक झाल्यावर तो मालकासारखा वागायला लागला, तिथे माझा राग आहे.

पुढे भाचा मोठा झाला, त्याला घरून काम करायला वेगळी खोली लागली. आईच्या खोलीत त्याचं टेबल आलं, मग ट्रेडमिल आली. आईचा पलंग हॉलमध्ये आला आणि मग हॉलमध्येही त्याची अडचण व्हायला लागली. एका रविवारी दादा आईला गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. "थोडे दिवस राहू दे गं, घराला रंग काढायचाय." माझ्या खोलीला तो लोखंडी जिना, खाली लेथ मशीनचे गाळे. आई तो जिना एकदाच चढली, मध्ये चार वेळा बसून. रंग कधीच काढला नाही.

तिला माझ्याकडे काही कमी नव्हतं, असं लोक म्हणतात. होतं ना कमी. तिचं घर नव्हतं. तिचं स्वयंपाकघर, तिने घासूनपुसून वापरलेली बाबांच्या वेळची मांडणी, समोरच्या बिल्डिंगमधली सकाळी हात करणारी बाई, यातलं काही नव्हतं. खाली दिवसभर लोखंड कापलं जायचं आणि ती कानावर पदर घेऊन बसायची. रोज मला घरी ने म्हणायची, "माका घराक व्हर गो." मी दादाला फोन लावायचे. एकदा मी फोन स्पीकरवर टाकला होता. आई म्हणाली, "रे, माका येवचा आसा." तिकडून तो म्हणाला, "आई, घर आता माझं आहे ना? मी सांगेन तेव्हा ये." चिडून नाही म्हणाला, समजावल्यासारखं म्हणाला.

त्यानंतर आईने ते म्हणणं बंद केलं. मीच विचारलं तर सांगायची, "घर तेचा आसा. तेना बोलवल्याशिवाय कसा जावचा?" तो बोलवणार नव्हता. आई शेवटी माझ्याच पलंगावर वारली. त्या जिन्यावरून तिला खालच्या गाळ्यातल्या कामगारांनी उतरवलं, मशीन बंद करून, हात पुसून. दादा खाली गाडीपाशी उभा होता.

हे सगळं पोटात ठेवून मी ते फोल्डर घेऊन अंधेरीला एका वकीलबाईंकडे गेले. मैत्रिणीच्या मुलीची ओळख. वयाने माझ्या भाच्याएवढी, पण बोलणं सुरीसारखं. कागद चाळून तिने विचारलं, "मावशी, बाबांनी मृत्युपत्र केलं होतं?"

"नाही."

"मग हे नॉमिनीचं काय घेऊन बसलात? सोसायटीने पत्र कुणाला पाठवायचं, पावती कुणाच्या नावाने फाडायची, एवढ्यापुरता नॉमिनी. वारसांसाठी राखण करणारा. बाबा गेले त्या दिवशी घर तिघांचं झालं. आई, भाऊ, तुम्ही. सारखं. आता आईचा हिस्सा तुम्हा दोघांत, म्हणजे अर्धं अर्धं."

अर्ध्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे आई होती तेव्हा घर आईचंही होतं?"

"होतंच."

"तिला तिथून कुणी काढू शकत नव्हतं?"

"कोण काढणार? मालकीण होत्या त्या."

तेव्हा मला काय झालं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. रडू आलं नाही. डोकं तापलं. माझी आई स्वतःच्या घरात जायला परवानगी मागत मेली. मागायची गरज नव्हती. कुणाला विचारायची गरज नव्हती. रिक्षा करून गेली असती आणि दार ठोठावलं असतं तर उघडावं लागलं असतं. आणि या संतापाच्या खालोखाल मला चक्क आनंद झाला. कारण दादाला आता माझी सही हवी होती, आणि जगात दुसऱ्या कुणाची चालणार नव्हती. मनात म्हटलं, बस आता वाट बघत.

"विकायचं असेल तर तुमचा वाटा वाजवून घ्या," वकीलबाई म्हणाली. "नसेल विकायचं तर सही करू नका. राहायला जायचं असेल तर जा. तुमचंच घर आहे."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. मी ते उचललं.

पुढच्या रविवारी खोलीला कुलूप लावलं आणि बॅग घेऊन मुलुंडला गेले. दार वहिनीने उघडलं. "ताई, अचानक?"

"अचानक कसलं? घरी आले."

आईच्या खोलीत भाच्याचं टेबल होतं, पण तो आता बंगलोरला होता. ट्रेडमिल होती. मी अंघोळ करून माझ्या दोन साड्या आणि परकर ट्रेडमिलवर वाळत घातले. दादा आला आणि बघतच राहिला.

"ही काय पद्धत आहे?"

"माझ्या वाट्यात वाळत घातलंय. तुझ्या वाट्यात आलं तर सांग."

"वाटा? अगं, नॉमिनी मी आहे."

"नॉमिनी म्हणजे राखणदार, दादा. चांगली राखण केलीस. एवढी चांगली, की आईला पण आत येऊ दिलं नाहीस."

तो दार ओढून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारून आला असणार, कारण संध्याकाळी त्याचा चेहरा उतरला होता आणि 'नॉमिनी' हा शब्द पुन्हा त्याच्या तोंडून निघाला नाही.

गिऱ्हाईक त्याच आठवड्यात पुन्हा एकदा घर बघायला येणार होतं. दादाने मला गोड बोलून सांगितलं, "तू आत बस, डोकं दुखतंय म्हण." मी हो म्हटलं. सकाळी मार्केटमधून सुके बोंबील घेऊन आले, चांगले उग्र वासाचे. वहिनी आमचीच, कोकणातली, पण बिल्डिंगमध्ये वास जातो म्हणून ती सुकी मासळी खिडक्या लावून, पंखा बंद करून, चोरासारखी करायची. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि बोंबील थेट गॅसच्या जाळावर भाजायला घेतले. दादाने सांगून ठेवलं होतं की माणसं शुद्ध शाकाहारी आहेत. मला तेच हवं होतं.

नवरा-बायको आले, दोघेही साठीच्या पुढचे, घाटकोपरहून. बाईंनी आत पाऊल टाकताच नाकाला रुमाल लावला. मी किचनमधून बघत होते आणि मनात गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात बाईंनी रुमाल काढला आणि हसून दादाला म्हणाल्या, "चिंता मत करो भाई. हमारे नीचेवाले भी बनाते हैं. कलर करवाएँगे तो निकल जाएगा."

माझे बोंबील फुकट गेले.

मग त्या किचन बघायला आल्या. ओटा बघितला, नळ सोडून बघितला आणि मला विचारलं, "आप इनकी बहन? घर बेचने के बाद आप कहाँ रहेंगी?"

हा प्रश्न मला आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. आईलाही कुणी विचारला नसेल. मी चिमटा खाली ठेवला आणि सांगितलं, "मैं कहीं नहीं जाऊँगी. आधा घर मेरा है. मैं नहीं बेच रही."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. दोघांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, बोलले नाहीतच बहुतेक. त्या हॉलमध्ये गेल्या, चहाचा कप न पिता ट्रेमध्ये ठेवला आणि दादाला म्हणाल्या, "बहन का दिल दुखाके घर नहीं लेना. पहले इनको राज़ी करो, बाद में फोन करो." दारातून वळून मला म्हणाल्या, "आपकी मछली जल रही है."

खरंच जळली होती. पण मी तशीच खाल्ली, भाकरीबरोबर, दादाच्या समोर बसून. इतकं चवीने मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते.

"वाट लावलीस तू माझी," तो ओरडला. "तिकडे बिल्डर मागे लागलाय. हे नाही विकलं तर ते पण जाईल. कळतंय का तुला?"

"कळतंय ना. म्हणून तर जेवण जातंय."

मग त्याने दुसरा डाव टाकला. म्हणाला, "माझा अर्धा हिस्सा विकून टाकतो. अशी माणसं आहेत बाजारात, अर्धं घर घेतात आणि आत घुसून बसतात. रोज दारू पिऊन धिंगाणा घातला ना, की तूच पळत सुटशील." तेवढं ऐकून मात्र मी घाबरले. लगेच अंधेरी गाठली.

वकीलबाई हसली. "विकू दे की. पण आधी तुम्हाला विचारावं लागेल, सहवारसाचा मान पहिला. तुम्ही नाही घेतलं आणि बाहेरच्याने घेतलं, तरी कुटुंबाच्या राहत्या घरात तुमच्याबरोबर येऊन राहायचा हक्क त्याला मिळत नाही. त्याने कोर्टात जाऊन वाटणी मागायची. फ्लॅटची वाटणी काय, मध्ये भिंत घालणार? मावशी, अर्धं घर कुणी घेत नसतं. भांडण कोण विकत घेतं?"

"आणि दादाच कोर्टात गेला तर?"

"जाऊ शकतो. पण निकाल लागेपर्यंत तुम्ही दोघं म्हातारे व्हाल."

"मी झालेलीच आहे," म्हटलं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला दादाला ऐकवलं, शब्द न शब्द. त्याला मिरच्या झोंबल्या. पोहे अर्धे टाकून उठला. त्यानंतर कधी बिल्डरचा फोन आला की तो गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा आणि हळू आवाजात विनवण्या करायचा. मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसायचे. वहिनी रडायची. तिचीही दया आली नाही. आईची उशी माझ्याकडे पाठवताना तिने अभ्रा काढून ठेवला होता. चादरीच्या सेटमधला होता म्हणे तो. माणसाने असल्या गोष्टी विसराव्यात असं म्हणतात. मी एकही विसरले नाही.

शेवटी एका संध्याकाळी दादा किचनमध्ये आला, स्टूल ओढून बसला. पहिल्यांदाच तो मला थकलेला दिसला.

"काय पाहिजे तुला? सरळ सांग. विकल्यावर अर्धं तुला देतो."

"अर्धं माझंच आहे. तू काय देणार?"

"मग?"

काय पाहिजे ते माझं कधीच ठरलं होतं. आईच्या शोकसभेला मुलुंडचे शेजारी आले होते तेव्हा एक जण मला म्हणाले होते, "तुमच्याकडेच राहायचा हट्ट होता ना त्यांचा? दादा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगत होते, आईला मुलीकडेच करमतं." दादा तिथला सेक्रेटरी. शब्दाला मान. गणपतीत आरतीचं पहिलं ताट त्याच्या हातात. त्या दिवशी मी शेजाऱ्यांना काही बोलले नव्हते, समोर आईचा फोटो होता.

"सोसायटीची सभा आहे ना पुढच्या महिन्यात?" मी म्हटलं. "तिथे उभं राहायचं आणि खरं सांगायचं. आई आपल्या मर्जीने गेली नाही, मी तिला नेऊन सोडली. घर तिचंही होतं आणि मी तिला परत येऊ दिलं नाही. हे बोल, मी सही करते."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"लोक काय म्हणतील?"

"तेच मला ऐकायचंय."

त्याने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली आणि परत ठेवलं. मग म्हणाला, "बरं." मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. खरं तर त्याने नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती. पण तो बरं म्हणाला, आणि मग मी त्या सभेची वाट बघायला लागले. रोज मनात ती सभा भरवायची. कोण कसा मान खाली घालेल, कोण दादाकडे पाठ फिरवेल, कोण तोंडावर 'शरम नाही वाटली?' म्हणेल. एवढ्या आनंदाने मी माझ्या लग्नाची वाट बघितली नव्हती.

सभा खाली पार्किंगमध्ये असते. गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. माझं नाव सोसायटीच्या दप्तरात नव्हतं, तरी मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. उठवायची कुणाची हिंमत झाली नाही. टाकीच्या सफाईवर भांडण झालं, दुसऱ्या मजल्याच्या गळतीवर झालं, कुणाच्या तरी कुत्र्यावर झालं. मग अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ऐनवेळचे विषय?"

दादा उठला. त्याने माइक हातात घेतला.

"घरगुती आहे, पण सांगायचं आहे," तो म्हणाला. "माझी आई इथून गेली ती तिच्या मनाने गेली नाही. मी तिला नेऊन सोडली. घर माझ्या एकट्याचं आहे, असं मी तिला सांगितलं. ते खोटं होतं. घर तिचंही होतं. ती परत यायचं म्हणत होती. मी आणलं नाही. तुम्हाला मात्र मी सांगितलं की तिला तिकडे करमतं." त्याने माइक खाली केला. "एवढंच."

खोटं कशाला बोलू, त्याने काही झाकून ठेवलं नाही. मी सांगितलं होतं त्याहून जास्तच बोलला. मी मागे वळून चेहरे बघायला लागले.

तेवढ्यात अध्यक्षांनी त्याच्या हातातून माइक घेतला. म्हणाले, "चार लोकांत हे कबूल करायला मोठं मन लागतं." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मागच्या रांगेत एक गृहस्थ डोळे पुसत होते.

माझ्या शेजारी तळमजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दाबला. "आम्हाला तर तेव्हाच माहीत होतं गं. तुझी आई गाडीत बसताना रडत होती. पायात चप्पलसुद्धा नव्हती."

"मग तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

"आपण कशाला मध्ये पडायचं? घरगुती गोष्ट." आणि मग त्या पुढे वाकल्या, कारण अध्यक्षांनी पार्किंगच्या स्टिकरचा विषय काढला होता आणि त्यांना त्यावर बोलायचं होतं.

सभा संपल्यावर वडे आणि चहा होता. लोक दादाभोवती जमले. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, आमच्याही घरात असंच आहे हो. दादा वडा खात होता. माझ्याने नजर काढवेना. कित्येक आठवडे ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तो माणूस चटणी मागून घेत होता. चेहरा हलका झाला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होता. आईला घालवल्याचं इतकी वर्षं कुठेतरी टोचत असेल ते आज निघून गेलं होतं, आणि ते काढून द्यायचं काम मी केलं होतं. मी, तिच्या लेकीने, हट्ट धरून.

तो माझ्यासाठी कागदी प्लेट घेऊन आला. "घे, गरम आहे," म्हणाला. "संपलं बाई एकदाचं."

मी प्लेट घेतली. वडा खाल्ला नाही.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात आमचा नंबर दुपारी लागला. सह्या तिथेच, अधिकाऱ्यासमोर करू, असं मी आधीच सांगितलं होतं. दादाला त्यात काही गैर वाटलं नाही. आता त्याला कशातच काही गैर वाटत नव्हतं. सोबत त्याचे दोन मित्र साक्षीदार म्हणून आले होते, वाटेत ठाण्याच्या फ्लॅटमधून डोंगर दिसतो वगैरे बोलत होते. आमच्या पुढे एक बहीण-भाऊ होते. पोरगी लहानच होती, तिशीतली. अधिकाऱ्याने मान वर न करता तिला विचारलं, "दस्त वाचलाय? हक्क स्वखुशीने सोडताय ना?" तिने भावाकडे बघितलं आणि हो म्हटलं. अंगठा लावला, फोटो काढला, झालं.

आदल्या दिवसापर्यंत मी सही करणार होते, असं आता म्हणायला बरं वाटतं. पण मला वाटतं, पार्किंगमध्ये टाळ्या वाजल्या तेव्हाच माझं ठरलं होतं. फक्त ते मला कुणाला तरी तोंडाने सांगायचं होतं, ज्याला आमच्या घराशी काही देणंघेणं नाही अशा माणसाला.

मी खुर्चीवर बसले. त्याने तोच प्रश्न विचारला.

"नाही," मी म्हटलं.

अधिकाऱ्याने मान वर केली. "काय नाही?"

"स्वखुशीने नाही. सोडतच नाही."

"अगं, काय बोलतेस?" दादा पुढे आला. "साहेब, एक मिनिट, तिला समजलं नाही."

"मला समजलंय," मी म्हटलं.

"मग हा दस्त होणार नाही," अधिकारी म्हणाला आणि पुढचं टोकन पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर दादाने माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा. "तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मी बोललो ना? सगळ्यांसमोर बोललो. तू म्हणालीस तसंच बोललो."

"बोललास. टाळ्या पडल्या."

"मग अजून काय पाहिजे तुला?"

मी खरंच विचार केला. काही नको होतं. पैसे नको, माफी तर मुळीच नको. त्याला काहीतरी जीव तोडून हवं असावं आणि ते माझ्या हातात असावं, आणि मी ते देऊ नये, एवढंच मला हवं होतं. हे त्याला सांगितलं नाही. दंड सोडवून घेतला आणि रिक्षा केली. त्याला ये म्हटलं नाही.

घरी वहिनी हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. भोवती पुठ्ठ्याची खोकी, जुने पेपर, सुतळी. काचेची भांडी बांधून झाली होती, आता ती मसाल्याचे डबे एकेक करून गुंडाळत होती. मला बघून तिने कपाळावरचा घाम पुसला आणि हसली, बऱ्याच दिवसांनी.

"झालं का ताई काम?"

"झालं," मी म्हटलं. "ती खोकी सोडा आता, भांडी परत मांडणीवर लावा. या घरातून कुणी कुठे जाणार नाही."